चाळीस मीटरसाठी तीन बँडचा रेडिओ उघडताना

साध्या तीन बँडच्या रेडिओवर शॉर्टवेव्हचा काटा सातच्या आसपास सावकाश सरकवला, की सकाळच्या वेळी मध्येच एक चमत्कारिक आवाज लागतो. तोंडात पानाचा तोबरा धरून कुणी भांडतंय असा. चढउतार माणसाचेच, पण शब्द एकही कळत नाही. ही हॅम मंडळी, परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारी. आपल्याकडे चाळीस मीटरचा पट्टा ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ. त्यात ती एसएसबीवर बोलतात, म्हणजे आवाजाची एकच बाजू पाठवतात; कॅरिअर, म्हणजे आवाज ज्यावर स्वार होतो ती मूळ लहर, पाठवतच नाहीत. आणि कॅरिअरशिवाय साध्या रेडिओचा डिटेक्टर, लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग, आंधळा. तो कॅरिअर सेटच्या आत तयार करून दिला की झालं, असं सगळे सांगतात. त्या जोडणीला बीएफओ म्हणतात. सांगलीत आम्ही असे चार सेट उघडले. चारही वेळा बीएफओ तासाभरात वाजला, आणि पुढचे चार-चार दिवस गेले ते काट्यापायी. खरं काम तिथं आहे.

हे सगळं फक्त ऐकण्यापुरतं. बोलायचं असेल तर परीक्षा, परवाना, व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारी कॉलसाइन हा वेगळा रस्ता.

सेट निवडताना दोन गोष्टी बघा. काटा गँगने, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या कंडेन्सरने, हलणारा हवा. आकडे दाखवणारा, बटणं दाबून स्टेशन बदलणारा सेट नको. त्यातल्या बहुतेकांत सगळं काम एकाच डीएसपी चिपमध्ये उरकतं, बाहेरून कॅरिअर घुसवायला जागाच उरत नाही. दुसरं म्हणजे आत ४५५ किलोहर्ट्झचा आयएफ हवा. आयएफ म्हणजे कुठलंही स्टेशन लावलं तरी सेट ते आत ज्या एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणतो ती. झाकण उघडल्यावर सीएक्सए ११९१ किंवा सीडी १६९१ अशी चिप आणि तिच्या शेजारी तीन पायांचा, ४५५ छापलेला फिल्टर दिसला की सेट चालेल. १०.७ छापलेला दुसरा फिल्टर एफएमचा, त्याला हात लावायचा नाही. आमच्या चारही सेटचा शॉर्टवेव्ह बँड ६ ते १८ मेगाहर्ट्झ होता, त्यामुळे पुढचे आकडे त्याच हिशेबाचे.

आधी बीएफओ उरकून घेऊ. त्याची कॉइल भंगारातल्या जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढायची. पत्र्याच्या चौकोनी डबीतले आयएफटी, म्हणजे आयएफच्या कॉइल, वरून पिवळा, पांढरा किंवा काळा ठिपका. लाल ठिपक्याची ऑसिलेटर कॉइल असते, ती इथं चालत नाही. आयएफटीला एका बाजूला तीन पाय, दुसऱ्या बाजूला दोन. तीन पायांचं वेटोळं आपल्या कामाचं. त्यातला मधला पाय टॅप, म्हणजे वेटोळ्यातून मध्येच बाहेर काढलेली तार, पण तो बरोबर मध्यावर नसतो. मीटर चांगला असेल तर एका बाजूचा ओहम कमी दिसेल, तो छोटा भाग. ट्रान्झिस्टर बीसी ५४७. टॅपला पॉझिटिव्ह, मोठ्या भागाचं टोक कलेक्टरला, छोट्या भागाचं टोक १०० पीएफच्या कंडेन्सरमधून बेसला. बेसला पॉझिटिव्हकडून २२० केचा रेझिस्टर, एमिटरला जमिनीकडे, म्हणजे निगेटिव्हकडे, १ के, आणि टॅपपाशी जमिनीकडे ०.१ मायक्रोफॅरड. एवढंच. टोकं उलटी लागली तरी हा चालतो, कारण टॅपच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट फेजमध्येच असतात. फक्त बेसला गरजेपेक्षा जास्त मिळतं आणि लहर खडबडीत होते.

पुरवठ्याला दोन सेल, तेही वेगळे. रेडिओचेच सेल वापरले तर स्पीकरवर जोराचा शब्द आला की व्होल्टेज दबतं, बीएफओ तेवढ्यापुरता सरकतो आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा हलतो. पहिल्या सेटला १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावून पाहिला. सेल नवे असेतो ठीक चाललं. नंतर वेगळे सेल घातले आणि तो विषय मिटला. जमीन मात्र दोन्हींची एकच ठेवायची.

बीएफओ जिवंत आहे की नाही हे बघायला स्कोप लागत नाही. दुसरा एखादा रेडिओ मीडियमवेव्हला ९१०च्या आसपास लावा आणि बीएफओची पट्टी त्याच्याजवळ न्या. ९१० म्हणजे ४५५ची दुप्पट. आयएफटीतला स्क्रूसारखा फिरणारा कोर थोडा फिरवताना एका जागी खरखर एकदम दबली की तो चालू आहे. कोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनही काही झालं नाही, तर आयएफटीच्या बुडाशी बसवलेला नळीसारखा छोटा कंडेन्सर बहुधा गेलेला असतो. तो फोडून टाका आणि बाहेरून १८० पीएफचा पॉलिस्टायरिन लावा. कोर लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने फिरवू नका. एक तर लोखंडाने कॉइलचं मूल्य बदलतं, आणि मेणाने धरलेला कोर ताकद लावली की कडकन फुटतो. विणायची प्लॅस्टिकची सुई घासून चपटी केली की झालं हत्यार. कोर धरलेला असेल तर डबीच्या पत्र्याला बाहेरून सोल्डरिंगचं टोक दहा-पंधरा सेकंद टेकवा, मेण सुटतं.

आता हा कॅरिअर सेटमध्ये घालायचा. जागा म्हणजे ४५५च्या फिल्टरचा चिपकडे जाणारा पाय. २८ पायांच्या सीएक्सए ११९१वर तो १६ नंबरला जातो. याच चिपची ३० पायांची आवृत्तीही येते, तिचे नंबर वेगळे, म्हणून पाय मोजण्यापेक्षा फिल्टरवरून पीसीबीची रेघ धरून जावं. तिथं सरळ जोड द्यायचा नाही. त्या पायाला चार सेंटिमीटर वायर डकवा. बीएफओच्या कलेक्टरकडून आलेल्या वायरचे तिच्यावर दोन-तीन वेढे घाला, दोन्हींचं कव्हर शाबूत ठेवून. होतो जेमतेम एखादा पीएफ, आणि तो पुरतो.

बहुतेकांचं पहिलं बिघडतं ते इथं. शिट्टी मोठी यावी म्हणून लोक २२ पीएफचा कंडेन्सर टाकतात. शिट्टी दणदणीत येते, स्टेशनं मात्र गायब. कारण सेटच्या एजीसीला, आपोआप जोर सांभाळणाऱ्या भागाला, वाटतं, केवढं जबरदस्त स्टेशन लागलंय, आणि तो सगळा गेन खाली ओढतो. परीक्षा कानाने करायची. अँटेना लावून, रिकाम्या जागी काटा ठेवून बीएफओ चालू करा. खरखर किंचित वाढली पाहिजे. खरखर दबली तर कॅरिअर जास्त झाला, एक वेढा उलगडा. उलट, जवळच्या दणकट स्टेशनचा आवाज फाटत असेल तर कॅरिअर वाढवू नका, अँटेनाकडून येणारा जोर कमी करा. त्यासाठी अँटेनाच्या वाटेवर १ केचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर. आवाजाचं बटण भरपूर उघडं ठेवायचं आणि या पॉटने ऐकायचं, ही सवय लागायला दोन दिवस जातात.

बीएफओ नेमका कुठं बसवायचा याला महत्त्व आहे. चाळीस मीटरवर सगळे एलएसबीवर असतात, म्हणजे कॅरिअरच्या खालची बाजू पाठवतात. सेटचा लोकल ऑसिलेटर, आत स्वतःची लहर तयार करणारा भाग, स्टेशनच्या वर ४५५ किलोहर्ट्झ चालतो, त्यामुळे आयएफमध्ये बाजू उलटते आणि एलएसबीचा आवाज कॅरिअरच्या वरच्या अंगाला येतो. तो फिल्टरच्या मधोमध पडायचा असेल तर बीएफओ ४५५च्या थोडा खाली, ४५३.५ला हवा. वरच्या बाजूला ठेवला तर शब्द कळतात, पण आवाजाचा अर्धा भाग फिल्टरच्या कडेला जाऊन कापला जातो आणि सगळे टिनाच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटतात.

हे लावायला मीडियमवेव्ह पुरतं. आकाशवाणी पुण्याचं ७९२ किंवा सांगलीचं १२५१, जे स्वच्छ येईल ते अगदी मधोमध लावा आणि बीएफओ चालू करा. कोर फिरवला की शिट्टी खाली खाली येते, मग नुसती घरघर, मग एकेक ठोका, आणि शेवटी शांत. मिरजेत तंबोऱ्याची जोडी जुळवताना शेजारी बसला असाल तर हे ऐकून माहीत आहे: दोन तारांमधली लाट लांबत लांबत जाते आणि विरते. तसाच हा झिरो बीट. तिथून कोर हळूच आत घ्या. आत गेला की इंडक्टन्स वाढतो, फ्रीक्वेन्सी उतरते आणि शिट्टी पुन्हा चढू लागते. मोबाइलच्या टोन अ‍ॅपवर १५०० हर्ट्झ लावून ठेवा आणि शिट्टी त्याच्याशी जुळली की थांबा. कोरवर मेणाचा थेंब. झालं.

आता काटा. हिशेब साधा आहे. १४० पीएफच्या पीव्हीसी गँगने ६ ते १८ मेगाहर्ट्झ अर्ध्या वेढ्यात कोंबलेले असतात. ७.० ते ७.२ एवढ्या पट्ट्याला गँगमधला बदल लागतो साडेसहा पीएफच्या आत, म्हणजे १८० अंशांपैकी आठ अंश. ४५ मिलिमीटरच्या चाकावर हे आठ अंश म्हणजे तीन मिलिमीटर. एका मिलिमीटरला पासष्ट किलोहर्ट्झ, आणि एका माणसाचा एसएसबी आवाज अडीच-तीन किलोहर्ट्झ रुंद, तोही शंभर हर्ट्झच्या आत जुळला तरच माणसाचा वाटतो. चाकावर बोट ठेवून हे होणं शक्य नाही. बीएफओ बसवून ‘काही ऐकू येत नाही’ म्हणत सेट माळ्यावर टाकणाऱ्यांचं घोडं इथं अडलेलं असतं.

उपाय दुसऱ्या गँगचा. भंगारातल्या एफएम सेटच्या पीव्हीसी गँगमध्ये एएमचे दोन भाग असतात आणि शिवाय एफएमचे दोन, साधारण २० पीएफचे. तो एफएमचा एक भाग घ्यायचा, १५ पीएफशी सिरीजमध्ये जोडायचा आणि ऑसिलेटरवर टाकायचा. सुमारे सहा पीएफचा फरक मिळतो, म्हणजे अर्ध्या वेढ्यात १९० किलोहर्ट्झ. त्यावर ५० मिलिमीटरचा नॉब बसवला की एका मिलिमीटरला अडीच किलोहर्ट्झच्या आत येतं. १५ पीएफचा कंडेन्सर एनपीओच, म्हणजे थंड-गरमला न बदलणारा, हवा. जुन्या डिस्कमध्ये डोक्यावर काळा ठिपका असलेला तो एनपीओ. साधा पिवळा-तपकिरी डिस्क टाकलेल्या सेटवर दुपारी खिडकीतून ऊन आलं की माणसं हळूहळू बायकी आवाजात बोलू लागायची.

ऑसिलेटरचा पाय ओळखायची युक्ती: एखादं शॉर्टवेव्ह स्टेशन लावा आणि हातातल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक गँगच्या पायांना एकेक करून लावा. जिथं स्टेशन एकदम पळून जातं तो ऑसिलेटर. जिथं स्टेशन जागेवर राहून नुसता आवाज कमी-जास्त होतो ती अँटेनाची बाजू. मधला पाय दोन्हींचा समाईक, जमिनीचा. मात्र नवा गँग या पायावर जोडू नका. बँडस्विचच्या पलीकडे, शॉर्टवेव्हच्या ऑसिलेटर कॉइलवर जोडा. नाहीतर मीडियमवेव्हही सरकतो आणि बीएफओ लावायला घेतलेलं स्टेशन डायलवर भलत्याच ठिकाणी सापडतं. वायर दोन इंचांच्या आत आणि जाड, एका स्ट्रँडची. लोंबती वायर टेबलाला धक्का लागला तरी गाते.

नवा गँग प्लॅस्टिकच्या कॅबिनेटमध्ये बसत नाही, आणि बसला तरी नॉबजवळ हात नेला की स्टेशन सरकतं. हात हाच कंडेन्सर होतो. दांडा जमिनीच्या पायाला जोडलेला असूनही असं होतं, कारण या सेटची जमीन म्हणजे पीसीबीवरची बारीक रेघ. सगळी पीसीबी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली, डबा जमिनीला दोन-तीन जागी जाड वायरने जोडला, आणि दांड्यावर लांब प्लॅस्टिकचा नॉब लावला की हाताचा परिणाम जवळजवळ जातो. स्पीकर मात्र डब्याला पक्का करू नका. त्याच्या हादऱ्याने गँगचे पापुद्रे थरथरतात आणि मोठ्या आवाजात सेट घुमू लागतो.

एवढं करूनही शेवटचे शंभर हर्ट्झ जुळवायला बोटं कमी पडतात. तिथं बीएफओ कामाला येतो. आणखी एक तसाच गँग, त्याचा एफएमचा एक भाग ४.७ पीएफशी सिरीजमध्ये, बीएफओच्या आयएफटीच्या दोन टोकांवर. दोन पीएफचा फरक, म्हणजे अर्ध्या वेढ्यात अडीच किलोहर्ट्झ. या गँगचे दोन्ही पाय जमिनीपासून मोकळे राहतात, म्हणून तो पत्र्याला टेकवू नका, प्लॅस्टिकच्या तुकड्यावर बसवा. हा जोडल्यावर कोर पुन्हा लावावा लागतो, नॉब मध्यावर ठेवून. मोठ्या नॉबने माणूस शोधायचा, या नॉबने त्याचा गळा सरळ करायचा.

व्हॅरिकॅपही, म्हणजे व्होल्टेजने कमी-जास्त होणारा कंडेन्सर, करून पाहिला. १एन ४००७ डायोड उलटा लावून १० केच्या पॉटवरून व्होल्टेज. बसवायला सोपा, जागा थोडी लागते, आणि खर्च काहीच नाही. पण व्होल्टेज जरा हललं की स्टेशन हललं, आणि थंड-गरमला तो गँगपेक्षा फार हळवा. दहा फेऱ्यांचा पॉट आणि स्वतंत्र स्थिर पुरवठा असेल तर करावा. आमच्याकडे गँगच टिकले.

पट्टा नेमका कुठं सुरू होतो हे कळायला खूण लागते. जुन्या टेलिफोनच्या किंवा डीटीएमएफच्या (फोनच्या बटणांच्या सुरांच्या) बोर्डवर ३.५७९५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याची दुप्पट ७.१५९, बरोबर आपल्या पट्ट्यात. बीसी ५४७चा बेस आणि जमीन यांच्यात क्रिस्टल, बेस ते एमिटर १०० पीएफ, एमिटर ते जमीन १०० पीएफ, एमिटरला २.२ के, बेसला पॉझिटिव्हकडून १०० के, कलेक्टर थेट पॉझिटिव्हला. दोन सेल लावून हा तुकडा सेटच्या शेजारी ठेवला की ७.१५९वर शिट्टी येते. नवा नॉब तीन चतुर्थांश उघडा ठेवा आणि जुनं चाक हळूच सरकवून शिट्टी आणा. नॉब पूर्ण उघडल्यावर परदेशी प्रसारण केंद्रांची रांग सुरू होत असेल तर बरोबर. ती ७.२००च्या वर असतात. मग जुन्या चाकाच्या कडेला हॉट ग्लूचा थेंब. इथून पुढे हा सेट एफएम आणि मीडियमवेव्हला मुकला. दोन्ही सांभाळायचा मोह होतो, पण चाक मोकळं ठेवलं की ते कुणाच्या तरी हाताने हलतंच आणि खूण पुन्हा शोधावी लागते.

चाक चिकटवल्यावर गँगच्या पाठीवरचा अँटेना बाजूचा ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरणारा छोटा कंडेन्सर, फिरवून खरखर जास्तीत जास्त करा. याने बरीच जान येते.

अँटेनाचं थोडक्यात. सेटची काडी शहरात निरुपयोगी आहे, एलईडी दिवे आणि चार्जरची भणभण तेवढी गोळा करते. गच्चीवर जागा असेल तर मधोमध तोडलेली वीस मीटर वायर, दहा-दहा मीटरचे दोन हात. नसेल तर गच्चीपासून नारळापर्यंत दहा मीटर चालेल. महावितरणच्या तारांपासून लांब, आणि वळवाचे ढग दिसले की पिन काढून बाहेर. साताऱ्याकडच्या लोकांना वाटतं अजिंक्यतारा आड येईल. येत नाही. दिवसा सात मेगाहर्ट्झवर शे-दोनशे किलोमीटरवरचे सिग्नल वरून, आयनावरणातून जवळजवळ डोक्यावर उतरतात. डोंगरापेक्षा शेजारच्या इन्व्हर्टरची काळजी करा. लाइट गेल्यावर या सेटवर जेवढं ऐकू येतं तेवढं एरवी कधी येत नाही, हे कबूल करायला हवं.

सांगलीत लांब वायर लावली की १२५१चं प्रक्षेपण चालू असताना तोच कार्यक्रम नॉबवर जिथं जाल तिथं मागे ऐकू येतो. सेटचा पुढचा भाग दबून जातो, म्हणून असं होतं. अँटेनाच्या वाटेत एक सापळा घाला: १०० मायक्रोहेन्रीचा चोक (तयार कॉइल) आणि त्याला समांतर १२० पीएफ अधिक १० ते ६० पीएफचा ट्रिमर. १२५१साठी सगळे मिळून १६२ पीएफ लागतात, ट्रिमर मध्याच्या पुढे कुठंतरी बसतो. मागचा कार्यक्रम नाहीसा होईपर्यंत फिरवा. साताऱ्यात या सापळ्याची गरज पडली नाही.

बीएफओचे स्वतःचे पडसादही सेटमध्ये ऐकू येतात. ४५३.५ची पंधरा पट ६.८०२, सोळा पट ७.२५६. आपला पट्टा बरोबर त्या दोघांच्या मध्ये मोकळा राहतो, म्हणून चाळीस मीटरवर बीएफओ उघडा ठेवला तरी खपतं. पाचवा सेट आता ऐंशी मीटरसाठी घेतलाय. तिथं आठ पट म्हणजे ३.६२८, पट्ट्याच्या ऐन मध्यात, दिवसरात्र एक शिट्टी. बीएफओ वेगळ्या पत्र्याच्या डबीत घातल्यावर ती निम्मी झाली. उरलेली सेलच्या वायरीतून बाहेर येतेय असं दिसतं. तिथं चोक घालायचा आहे.